नावासकट

ईशान आणि तारा, तुम्ही पाठवलेला फोटो मी बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घेतला आणि भिंग लावून पाहिला. लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकचा विटेएवढा स्पीकर, पुढच्या जाळीवर रोमन अक्षरांत 'कुमुद', आणि खोक्यातल्या चिठोऱ्यावर एक गोष्ट: गोव्यातल्या एका चिमुकल्या खेड्यात एका प्रेमळ बापाने आपल्या लेकीसाठी हे यंत्र घडवलं. तुम्ही विचारलंय, पणजोबांच्या जुन्या कागदांत आजीचं नाव कुमुद आहे, तर ही मुलगी आजीच का? होय, मीच. पण ती गोष्ट माझी नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांनी पेडण्याजवळचं तुये, जिथे आमची शेड होती, ते पाहिलेलं नाही, बाबांना पाहिलेलं नाही, आणि हा स्पीकर कुठल्या देशात तयार होतो हेही त्यांना कुणाला तरी विचारावं लागेल. तुम्ही मला शैलजा आजी म्हणून ओळखता. कुमुदची शैलजा कशी झाली ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. आता सांगते, मला जमतं तसं, क्रमाने.

आमचं घर डिचोलीजवळ सर्वणला. बाबा रेडिओ दुरुस्त करायचे. पोर्तुगीज अमदानीत खाणींवरच्या साहेबांचे मोठमोठे वाल्वचे रेडिओ त्यांच्या हाताखालून गेले होते, आणि एकदा उघडलेलं यंत्र त्यांना पाठ व्हायचं. शाळा मराठी चौथीपर्यंत, इंग्रजी अजिबात नाही. पण पुस्तकांतल्या आकृत्या ते गावच्या वाटांसारख्या वाचायचे. साहेब गेले, रेडिओ उरले, आणि बाबा ओसरीवर स्वतःचे अ‍ॅम्प्लिफायर बांधायला लागले. तांब्याची तार स्वतः गुंडाळायची, पत्रा स्वतः कापायचा, डाग स्वतः द्यायचे. पहिला मनासारखा जमलेला अ‍ॅम्प्लिफायर एका देवळाच्या भजनी मंडळाने नेला. मंडळातले लोक म्हणाले, पुढे काहीतरी नाव घाला, कोरं बरं दिसत नाही. मी ओसरीच्या पायरीवर पेज जेवत बसले होते. बाबांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने 'कुमुद' कोरलं आणि पट्टी ठोकून दिली. चिठोऱ्यात म्हटल्यासारखा मायेचा काही मोठा प्रसंग त्यात नव्हता. मी समोर होते आणि तीन अक्षरं पट्टीत बसत होती.

बाबांकडे स्पूलचा एक टेपरेकॉर्डर होता, एका साहेबाने जाताना दिलेला. त्यावर त्यांनी एका सकाळी आमचं स्वयंपाकघर टिपून ठेवलं होतं. आईच्या रगड्याची घरघर, नारळ फोडल्याचा ठक्क आवाज, मोहरीची फोडणी, विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर, सायकलवरून उंडे, म्हणजे पाव, विकणाऱ्या पोदेराचा भोंगा, आणि शेवटी आई चमचा शोधत मला विचारते, "कुमुद, कुलेर खंय गो?" प्रत्येक नवा अ‍ॅम्प्लिफायर ते याच टेपवर तपासायचे. गाण्यावर तपासलेलं त्यांना पटत नसे. त्यांचं म्हणणं असं, की गाणं जरा वाईट वाजलं तरी ऐकणारा गायकाला माफ करतो, पण आपल्या बायकोची फोडणी खोटी वाजली तर कान लगेच तक्रार करतो. टेप लागली की आई आतून विचारायची, आज खरं जेवण करू की त्यातलंच जेवणार आहात. मग दोन्ही फोडण्या एकदम उडायच्या, आणि बाबा मान तिरकी करून, डोळे मिटून, त्यातली खरी कुठली ते ओळखायचा प्रयत्न करायचे. ज्या दिवशी त्यांना क्षणभर ओळखता येत नसे, त्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला.

पुढे तुयेच्या औद्योगिक वसाहतीत त्यांना एक शेड मिळाली आणि आम्ही सर्वणचं घर बंद करून तिथे दोन खोल्यांत राहायला गेलो. पेडण्याची हवा, समुद्राकडचा वारा, लाल मातीचा रस्ता, आणि शेडमध्ये व्हार्निशचा वास. तो वास अजून मला भूक लावतो, कारण सकाळी दहाला त्याच वासात सगळ्या जणी पेज घेऊन बसायच्या आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर एका पानावरून दुसऱ्या पानावर फिरायची. सहा बायका तारेचं गुंडाळकाम करायच्या. त्यांची मुकादम सत्यवती, सावंतवाडीकडून तुयेला लग्न होऊन आलेली. तिला सगळे सतूमावशी म्हणायचे. हातयंत्राचा दांडा फिरवताना वेढे मोजावे लागतात, आणि मध्ये कुणी बोललं की मोजणी चुकते. सतूमावशीने त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. शंभर वेढे झाले की वाड्यावरच्या एका घराचं नाव घ्यायचं, पुढचे शंभर झाले की त्याच्या शेजारच्या घराचं. असा एक ट्रान्सफॉर्मर म्हणजे तिच्या घरापासून देवळाच्या पिंपळापर्यंतची वाट. "खंय पावलंस गो?" असं एकीने विचारलं की दुसरी म्हणायची, "गावकाराच्या दारात." एकदा एक संबंध दिवस ट्रान्सफॉर्मर कमी वेढ्यांचे आले. मी शोध घेतला तेव्हा कळलं, की सतूमावशीचं शेजारच्या दोन घरांशी भांडण झालं होतं आणि ती त्यांच्या दारावरून जात नव्हती. बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. भांडण मिटेपर्यंत त्यांनी तिला दुसऱ्या वाड्यावरची घरं मोजायला लावली.

मी म्हापशाला इंग्रजी माध्यमात शिकले आणि पुढे पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झाले. बाबांनी त्यासाठी आईशी वाद घातला होता, हे मी कबूल केलं पाहिजे. रोज दुपारी कॉलेजातून आले की शेडमध्ये बसायचे. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरचा क्रमांक, तो कुणी गुंडाळला, कुणी जोडला, कुठल्या गावी गेला, किती खरखर मोजली, हे सगळं मी वह्यांत लिहायचे. माझं अक्षर तेव्हाही असंच होतं. स्पीकर आम्ही बाहेरून आणायचो आणि ते मला खटकायचं. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी स्वतः एक स्पीकर बांधला, पेटीचं माप गणिताने काढून, फणसाच्या लाकडात. बाबांनी टेप लावली, मान तिरकी केली, आणि ती शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाले, अर्धी शेड तुझी. अ‍ॅम्प्लिफायर मी करतो, स्पीकर तू कर. सहा बायका तिथे होत्या, सगळ्यांनी ऐकलं. सतूमावशीने लगेच विचारलं, म्हणजे आता आम्हाला दोन मालक का? बाबा म्हणाले, नाही, एक मालक आणि एक मालकीण. माझ्या आयुष्यात मला कुणी दिलेलं ते सर्वांत मोठं वचन होतं, आणि मी ते अक्षरशः धरून चालले.

मग आखातातून येणाऱ्या माणसांच्या हातांत जपानी डेक दिसायला लागले. चकचकीत, दिवे उघडमीट करणारे. कळंगुटपासून साखळीपर्यंत घराघरात बाहेरच्या खोलीत नक्षीदार कापडाखाली एक डेक बसला. बाबांना त्याचा राग नव्हता. एकदा त्यांनी एक उघडला आणि आतली मांडणी पाहून हात जोडले. पण त्यांची नजरही त्याच सुमारास अधू व्हायला लागली. डाग देताना कथील भलतीकडे ओघळायचं. अशा वेळी मुंबईहून कर्णिकसाहेब आले. पंखे आणि इस्त्र्या करणारी त्यांची मोठी कंपनी. तिला आता गाण्याच्या यंत्रांत उतरायचं होतं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नवं नाव बाजारात रुजवायला दहा वर्षं लागतात, रुजलेलं नाव विकत घ्यायला एक दुपार. हे त्यांनी हसत हसत सांगितलं. माणूस अतिशय सभ्य. आईच्या हातची पातळभाजी आणि उंडे दोनदा मागून घेतले, बाबांना वाकून नमस्कार केला, आणि शेडमधल्या प्रत्येक बाईला 'ताई' म्हटलं. ते भाषेच्या आंदोलनाचे दिवस होते, निदर्शक रस्त्यांवर झाडं आडवी टाकायचे. कर्णिकांनी विचारलं, तुम्ही नक्की मराठी की कोकणी? बाबा म्हणाले, बोलतो ती एक आणि लिहितो ती एक, तुम्हाला कुठली विकत हवी? तेव्हा आम्ही सगळेच हसलो.

करार इंग्रजीत होता. बाबांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, एक ओळ सोडू नकोस. मी सोडली नाही. दुपारचे दीड तास मी वाचत होते आणि कोकणीत सांगत होते. शेड, हातयंत्रं, साचे, आकृत्या, वह्या, टेपरेकॉर्डर आणि 'तपासणीची ध्वनिफीत' हे सगळं यादीत होतं. बायकांना कामावर ठेवण्याबद्दल 'कंपनीच्या सोयीनुसार' असं होतं. तेही मी सांगितलं. सातव्या पानावर अकरावं कलम होतं. विकणारा आणि त्याचे कुटुंबीय यांनी यापुढे 'कुमुद' हे नाव कुठल्याही लिपीत, कुठल्याही मालावर, पाटीवर किंवा धंद्यात वापरायचं नाही. मी ते वाचलं आणि थांबले. मग कर्णिकांना इंग्रजीत विचारलं, उद्या मी स्वतः स्पीकर करायचे म्हटलं तर? माझं तर हे नावच आहे. ते मराठीतच म्हणाले, "अहो, तुम्ही कशाला स्पीकर करत बसाल? तुमचं आता लग्न होईल." आणि बाबांकडे पाहिलं.

बाबा हसले. चेष्टेने नाही, अगदी मोकळेपणी, समजूत घालावी तसे. "अगो, तुजें नांव आनीक दोन वर्सांनी कोण घेतलो? घोवाच्या घरा तांदळांत दुसरें लिवतले. थंय तें जातलेंच. हांगा तरी देशभर जातलें."

तुम्हाला ही चाल माहीत नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे लग्नात नवऱ्याच्या घरी ताटात तांदूळ पसरतात आणि अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहितात. तिथून पुढे तेच तिचं नाव. बाबांचा विचार त्यांच्या दृष्टीने साधा आणि हिशेबी होता: जे नाव लग्नाच्या दिवशी असंही जाणारच आहे, ते विकण्यात मुलीचं काय जातं? मला वाटतं, त्या काळच्या आमच्याकडच्या कुठल्याही बापाने हाच विचार केला असता, आणि कुठल्याही मुंबईच्या वकिलाला तो सुचला नसता. अर्ध्या शेडचं वचन त्यांना त्या क्षणी आठवलंच नाही. ते खोटं बोलले नव्हते. वचन दिलं तेव्हा त्यांनी मला मुलगा समजून दिलं होतं, आणि सही करताना मी मुलगी आहे हे त्यांना आठवलं, इतकंच.

त्यांनी पेन उचललं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "करूं मगो?" म्हणजे, करू ना. ते खरंच विचारत होते. मी 'थांबा' म्हटलं असतं तर ते थांबले असते. मला त्यात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मी म्हटलं, "करा." ज्याला माझ्या नावाचं इतकंच वाटतं, त्याचं नाव जाऊ दे, हा राग त्या शब्दात होता. पण बाहेरून तो फक्त आज्ञाधारक मुलीचा होकार होता. त्यांनी देवनागरीत सावकाश सही केली. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी तीही केली: कुमुद.

आठवडाभराने ट्रक आला. आईला यादीतली ती ध्वनिफीत म्हणजे काय हे तेव्हा कळलं. टेपरेकॉर्डर खोक्यात जाताना ती दारात उभी होती. "माजी फोडणी पसून विकली तुमी?" ती बाबांना म्हणाली; म्हणजे, फोडणीसुद्धा. बाबांना वाटलं ती गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. त्यानंतर बरेच दिवस ती ताटं वाढून आत निघून जायची.

सुरुवातीचे महिने बरे गेले. पट्टीवरचं नाव रोमन अक्षरांत आलं, आणि मुंबईच्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिरात आली. बाबा ती उशीखाली ठेवायचे. मग गोवा घटक राज्य झालं, पेडण्याच्या बाजारात लाडू वाटले, सतूमावशीनेही शेडमध्ये सगळ्यांना दिले. त्याच महिन्यात गुंडाळकाम बंद झाल्याची सूचना भिंतीवर लागली. ट्रान्सफॉर्मर आता बाहेरून तयार येणार होते. वर्षभरात सगळा अ‍ॅम्प्लिफायरच बाहेरून यायला लागला, हलका, आत अर्धा रिकामा. तुयेला फक्त खोक्यात भरायचा. कारापूरचं एक भजनी मंडळ तसला एक घेऊन आमच्या दारी आलं. नाव तेच पाहून घेतला होता, आणि भजनाच्या मध्येच तो जळला. बाबांनी झाकण उघडलं, बोटं आत फिरवली, आणि ती माणसं आपल्याला काय म्हणतील याची वाट पाहत बसले. ती उठली आणि चहा न घेता गेली. पुढे खोकी भरणंही थांबलं आणि शेडला कुलूप लागलं.

तुमच्या आईने मला इंटरनेटवर शोधून दिलं, म्हणून पुढचंही माहीत आहे. मुंबईच्या कंपनीने ते नाव दिल्लीतल्या टीव्ही करणाऱ्यांना विकलं. ते बुडाले तेव्हा त्यांच्याकडची नावं एका गठ्ठ्यात विकली गेली. आज ते ज्या परदेशी कंपनीकडे आहे तिच्याकडे इंग्लंडमधली, डेन्मार्कमधली, जपानमधली अशीच जुनी नावं आहेत, एके काळी माणसं ज्यांसाठी पैसे साठवायची अशी. त्यांतल्या एकाही नावाला स्वतःचा कारखाना उरलेला नाही. कंपनी नावं भाड्याने देते. ज्याला हवं तो आपल्या डब्यावर लावतो. मी ती यादी वाचली. मधोमध मी होते. त्या बाकीच्या नावांमागेही कुणाचे बाप असतील, कुणाच्या सह्या असतील. वाईट वाटलं असं म्हणवत नाही. तितकी ओळख आता त्या नावाशी राहिलेली नाही.

शेड बंद झाल्यावर सतूमावशी आणि आणखी तिघी माझ्याकडे आल्या. हातांना काम येतं, यंत्र नाही, असं त्या म्हणाल्या. मी माझ्या बांगड्या मोडून दोन हातयंत्रं आणली आणि तुयेच्या तिठ्यावर एक खोली घेतली. जळालेले शेतीपंप, पंखे, मिक्सर यांची मोटर परत गुंडाळून द्यायची. काम पहिल्याच आठवड्यात आलं. पाटी मी दशावतारी नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या माणसाकडून करून घेतली: 'कुमुद वाइंडिंग वर्क्स'. अकरावं कलम मला माहीत नव्हतं असं नाही. मला वाटलं, तिठ्यावरच्या एका खोलीवर, देवनागरीत, एका बाईने स्वतःचं नाव लिहिलं तर मुंबईत कुणाला दिसणार आहे? आणि खरं सांगायचं तर कुणाला तरी दिसावं असंही वाटत होतं.

दिसलं. वकिलाचं पत्र रजिस्टर पोस्टाने आलं, ते बाबांच्या नावे, कारण विकणारे ते. मी घरी नव्हते. पोस्टमनने पत्र कसलं ते सांगितलं आणि वर कोर्टाचा शब्द उच्चारला. बाबांची पिढी पोर्तुगीज काळात 'पापेल सेलाद'ला, म्हणजे सरकारी मुद्रेच्या कागदाला, घाबरत वाढलेली. त्या कागदावर एकदा लिहिलं की जमीन जाते, माणूस जातो, असं त्यांनी पाहिलेलं होतं. ते पत्र वाचून घ्यायलाही माझ्यासाठी थांबले नाहीत. घरून एक कदेल, म्हणजे खुर्ची, आणि रॉकेलची बाटली घेऊन भर सकाळी तिठ्यावर आले, खुर्चीवर चढले, आणि फडक्याने पहिला शब्द पुसायला लागले. मी पोचले तेव्हा 'कु' गेला होता. चौघी दारात उभ्या होत्या, पंप घेऊन आलेले दोघे शेतकरी उभे होते. रंग बाबांच्या गालावर ओघळला होता. मी म्हटलं, मी पुसते, तुम्ही खाली उतरा. ते उतरले नाहीत.

सतूमावशी त्यांना आजवर कधी उलटून बोलली नव्हती. ती म्हणाली, "बारशाक नाव कानात सांगतत. पुसताना खंय सांगतत, तां सांगा माका."

बाबा पुसत राहिले. तिन्ही अक्षरं पुसून झाल्यावर ते उतरले, खुर्ची डोक्यावर घेतली आणि घरी गेले. 'वाइंडिंग वर्क्स' तेवढं उरलं आणि चाललंही चांगलं. माझ्या लग्नानंतर सतूमावशीने ते आणखी अकरा वर्षं चालवलं. पण त्या संध्याकाळी जेवताना बाबांना आमटी हवी होती तेव्हा ते म्हणाले, "अगो, आमटी वाड." आधी ते 'कुमुद' म्हणाले असते. मी लक्षात ठेवलं. पुढचे दिवस मोजत राहिले. ते नाव त्यांच्या तोंडून परत आलं नाही.

तुमचे आजोबा कारापूरचे, खाणीवर सर्वेअर. लग्न ठरलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने उशीर झालेला. लग्नासाठी आम्ही सर्वणचं घर परत उघडलं होतं. लग्नाच्या आठ दिवस आधी ते त्यांच्या वहिनीला घेऊन तिथे आले, तांदळात काय लिहायचं ते विचारायला. हे सहसा कुणी विचारत नाही. वहिनींनी पाच-सहा नावं कागदावर आणली होती. आजोबांनी तो कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, मला नाव बदलायचं नाही, कुमुद चांगलं आहे, तेच लिहू. मी तुम्हाला नेहमी सांगते की तुमचे आजोबा शहाणे होते, ते या गोष्टीवरून.

बाबा कोपऱ्यात बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या तोंडावर काहीतरी उजळलं. ते पुढे सरकले आणि अजिजीने म्हणाले, "लिवा, लिवा. तेंच लिवा." बघा, तेव्हाही त्यांनी नाव घेतलं नाही.

मी म्हटलं, "तें आमचें न्हय, बाबा. सय केल्या आमी."

आजोबांना काही कळलं नाही. आईला कळलं; ती उठून आत गेली. बाबा मागे सरकून भिंतीला टेकले. मी वहिनींच्या कागदावरचं पहिलंच नाव वाचलं आणि म्हटलं, शैलजा लिहा. वहिनी खूश झाल्या. नाव त्यांच्या आजीचं होतं.

बाबा त्यानंतर एकोणीस वर्षं जगले. या काळात त्यांनी मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही. शैलजा त्यांच्या जिभेवर बसलं नाही. पत्रं पाठवायचे ती 'चि. मुलीस' अशी. तुमची आई लहान असताना तिला विचारायचे, तुझी आई आली का. मला वाटायचं, लाज आहे, असू दे. शेवटच्या वर्षी ते कारापूरला आमच्याकडे होते. दिसणं जवळजवळ गेलं होतं, ऐकू मात्र लख्ख यायचं. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. ते मध्येच थांबले आणि चाचरत विचारायला लागले, की त्या कागदात घरातल्या बोलण्याबद्दल काही लिहिलं होतं का. म्हणजे दुकान नाही, पाटी नाही. घरात, आपल्या माणसांत, कुणी ते नाव घेतलं तर. "तूं वाचिल्लें न्हू सगळें," ते म्हणाले. "घरांत म्हणूंक जाता काय गो?"

तेव्हा मला समजलं. ती लाज नव्हती, भीती होती. मुद्रेच्या कागदावर विकलं म्हणजे तोंडातूनही गेलं, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती, आणि इतकी वर्षं ते आपल्या मुलीला हाक न मारता तो कायदा पाळत होते.

सातवं पान, अकरावं कलम. मालावर, पाटीवर, धंद्यात. घराचा त्यात एक शब्द नाही. मला ते तेव्हा पाठ होतं, आजही आहे. मी काही विसरत नाही हे तुम्ही जाणता. त्यांनी तोंड माझ्या आवाजाच्या दिशेला धरलं होतं, मान जराशी तिरकी केलेली.

मी चमचा परत पेजेत बुडवला आणि म्हटलं, "म्हाका कांयच याद ना, बाबा."